माझा दुसरा कमठा

आयुष्यात मी स्वतःच्या हातानं बनवलेल्या आणि कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडलेल्या वस्तू मोजायच्या म्हटल्या तर एका बोटावर भागतं. ती वस्तू म्हणजे एक कमठा. धनुष्य म्हणायला हरकत नाही, पण धनुष्य म्हटलं की डोळ्यांसमोर मुकुट आणि शेला येतो. माझ्या अंगावर त्या वेळी गुडघ्याला ठिगळ लावलेला पायजमा होता, तेव्हा कमठाच बरा.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी मूळचा कोल्हारचा, प्रवरेच्या काठचा, उसात वाढलेला. नोकरी लागली ग्रामसेवकाची आणि नेमणूक मिळाली थेट राजूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर. वाडी ठाकरांची. पहिल्या दिवसापासून सगळे मला भाऊसाहेब म्हणायला लागले. बाविसाव्या वर्षी पांढऱ्या केसांची माणसं भाऊसाहेब म्हणायला लागली की माणूस बिघडतो. मी फार लवकर बिघडलो.

माझ्या खोलीच्या वरच्या अंगाला एक म्हातारा-म्हातारी राहत. डोंगराच्या उतारावर त्यांचं वरईचं शेत होतं, एवढंसं. दोन्ही मुलगे दसरा झाला की बायकापोरांसह खाली ऊसतोडीला जात, तेही आमच्याच प्रवरेकाठी. मी गेलो त्या वर्षी वरई पिकत आली आणि रानडुकरं शिरली. सकाळी बघितलं तर शेतातून कुणी तरी रूळ फिरवल्यासारखं दिसत होतं. दोघं खाली बसून मातीतली कणसं वेचत होती. ती अर्धीमुर्धी वरई फार तर शिमग्यापर्यंत पुरणार होती. पुढं कंदमुळं आणि दुसऱ्याच्या बांधावरचं काम.

त्याच सकाळी म्हातारा मला म्हणाला, "औंदाचं कसं बी निभावू, भाऊसायेब. फुडल्या साली बी अशीच गेली तर घराला कडी लावायची आन् आमी दोघं बी पोरांच्या मागं कोयता घिऊन खाली."

म्हातारीच्या पाठीला तोवर बाक आला होता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी माणसं मी जन्मापासून पाहिलेली. त्या फळीवर ही म्हातारी मला दिसेना. आणि दिसेना म्हणून मी म्हणालो, "बाबा, पुढच्या साली मी आहे ना."

आमच्या कोल्हारात असं बोललेलं कुणी मनावर घेत नाही. 'मी आहे ना' म्हणायचं आणि चहा प्यायचा, अशी पद्धत. म्हाताऱ्यानं मात्र माझ्याकडं नीट पाहिलं, माझे खांदे पाहिले, आणि म्हणाला, "बरं. माझ्या खांद्यात आता जोर ऱ्हायला न्हाई. तुमी कमठा करा."

म्हणजे झालं. बंदूक वाडीत नव्हती. पिकात शिरलेल्या डुकराला मारलं तर तेव्हा कोणी विचारत नसे, शिकारीचा कडक कायदा नंतर आला. पण मारायचं ते तिरकमठ्यानं, आणि तिरकमठा ज्याचा त्यानं करायचा.

मी लगेच कामाला लागलो. विचारायची पद्धत नव्हतीच माझ्याकडं. ओढ्याकाठी बांबूचं बेट होतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन त्यातला सगळ्यात उंच, सगळ्यात सरळ, हिरवागार बांबू मी तोडला. चिरला. त्याची हिरवी साल मला खडबडीत वाटली, म्हणून काचेनं खरवडून काढली. वर पॉलिश पेपर मारला. कचेरीतल्या खुर्चीला लावायचं व्हार्निश शिल्लक होतं, त्याचे दोन हात दिले. राजूरच्या बाजारातून निळी नायलॉनची दोरी आणून बांधली. तीन तीर केले आणि त्यांना मोराची पिसं लावली. कमठा माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला. दोरी चढवलेल्या अवस्थेत तो मी खोलीच्या भिंतीवर टांगला आणि येईल त्याला दाखवू लागलो. असा महिना गेला.

शेवटी म्हातारा आला. बराच वेळ बघत राहिला.

"भाऊसायेब, ह्यो कशासाठी केला?"

"डुकरासाठी."

"डुकराला दाखवायला व्हय?"

मी म्हटलं, ओढून दाखवतो. कमठा काढला, छाती पुढं केली, दोरी कानापर्यंत ओढली. कडाड् आवाज झाला आणि वरचा अर्धा भाग उलटून माझ्या कपाळावर बसला. खूण अजून आहे. केस मागं सरकल्यापासून जास्तच दिसते. म्हातारा हसला नाही. त्यानं मोडका तुकडा उचलला, मोडीवर नख फिरवलं, आत भुंग्यानं पाडलेली पिठासारखी भोकं मला दाखवली आणि ठेवून दिला. म्हातारी मात्र तीन दिवस हसत होती. पाणी भरायला जाताना माझ्या दारावरून गेली की हंडा हलायचा.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं मला माझी चूक सांगितली, आणि ती एकच चूक नव्हती. बांबू चांदण्यात तोडला तर त्यात गोडी असते, भुंगा लागतो. तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, अवसेच्या जवळ. दोरी चढवून टांगून ठेवली की कमठा वाकलेलाच राहतो, त्याला वाटतं आपलं काम झालं. आणि साल काढणं हे तर पापच. "ताण समदा सालीवर येतो. साल म्हंजी त्याची पाठ. तुमी पाठच सोलून काढली, मंग त्यानं भार कशावर घ्यायचा?" माझ्या व्हार्निशबद्दल तो काही बोलला नाही. सभ्य माणूस होता.

मार्गशीर्षातल्या अवसेला तो मला घेऊन डोंगरावर गेला. दुसरा कमठा तिथून सुरू झाला.

चढण संपता संपेना. वाटेत पाण्याकाठी दोन झकास बेटं लागली. मी थांबलो की तो नुसता मान हलवायचा. शेवटी विचारलं, "बाबा, इथले का नकोत? किती जोमदार आहेत."

"पान्याकाठचा बांबू लाडात वाढतो. दिसायला जोमदार, आत पोकळ. तुमच्या प्रवरंकडच्या मान्सावानी."

पुढचा सगळा चढ मी त्याच्या टाचांकडं बघत चढलो.

वर, जिथं वारा सरळ अंगावर येतो अशा कड्याखाली, खुरटं बेट होतं. म्हातारा एकेका बांबूला कोयत्याच्या मागच्या बाजूनं टिचकी मारून ऐकत फिरला. मीही कान लावला. मला सगळे सारखेच वाजले. त्यानं एक निवडला: पिवळट पडलेला, अंगावर पांढरे डाग, जाडीला माझ्या मनगटाएवढा, आत जवळजवळ भरीव. तीन पावसाळे काढलेला, म्हणाला. पेरं कशी पडतात तेही त्यानं मोजून पाहिलं, म्हणजे मूठ धरल्यावर दोन्ही हातांना सारखी यावीत. तोडल्यावर बुडख्याकडच्या टोकाला कोयत्यानं खूण केली. "बुडखा खाली, शेंडा वर. उगवला तसाच धरायचा. उलटा धरला तर त्येला बी कळतं."

बांबूची चिरून काढलेली फाळ म्हातारीच्या चुलीवरच्या माळ्यात धुराला ठेवली ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. मला धीर कुठला. आठवड्यातून दोनदा जाऊन माळ्यात डोकावायचो. म्हातारी म्हणायची, "आला बगा. मुलगी बगायला आल्यावानी येतोय. चहा ठिवू का पोहं करू?"

मग कोरायचं काम. आतल्या अंगानं, म्हणजे पोटाकडून खरवडायचं. पाठीला हात लावायचा नाही. थोडं खरवडायचं, गुडघ्यावर वाकवून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. माझी वरची बाजू जास्त वाकली. म्हणून खालची खरवडली. तर खालची जास्त वाकली. म्हणून वरची. असं एक अख्खी दुपार चाललं. म्हातारा शेजारी बसून विडी ओढत होता. शेवटी त्यानं माझ्या हातातून तो काढून घेतला.

"बास आता. न्हाईतर दात कोराया घ्यावा लागंल."

उंची माझ्या छातीपर्यंत ठरली, कारण कारवीच्या दाट रानात त्याहून मोठा कमठा फांदीत अडकतो. दोरी वाखाची, ती म्हातारीनं मांडीवर वळली आणि मी मेण चोळलं. तीर बोरूचे. निखाऱ्यावर धरून सरळ करताना मी चार जाळले. पातं राजूरच्या लोहारानं मोडक्या विळ्यातून काढून दिलं, बोटभर रुंदीचं. मला मोठं, भाल्यासारखं हवं होतं. लोहार म्हणाला, "रुंद पातं चामड्यावरच अडकतं, भाऊसाहेब. बरगडीतनं जायला अरुंद लागतं. शोभेला पाहिजे असंल तर रुंद करतो." वाडीतली बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती.

पिसं घारीची, आणि एका तिराला एकाच पंखाची. हे मी ऐकलं होतं, पण पिसं वेचताना डावं-उजवं एकत्र झालं आणि मी म्हटलं काय बिघडतंय. श्रावणात पेंढ्याच्या भाऱ्यावर सराव करताना पहिला तीर सरळ निघाला, मध्येच विचार बदलला आणि वळून म्हातारीच्या दारातल्या सुपात जाऊन बसला. सुपात नागली होती. म्हातारी बाहेर आली, तीर उपटला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डुकरं माज्या घरात न्हाईत, भाऊसायेब. वरल्या रानात हायेत."

पिसं सोडून पुन्हा बांधली. भाद्रपद संपेपर्यंत वीस पावलांवरून दहातले सहा तीर भाऱ्यात जायला लागले. वीस पावलांच्या पुढं सोडायचा नाही आणि जनावर उभं राहिल्याशिवाय सोडायचा नाही, एवढे दोनच नियम म्हाताऱ्यानं घालून दिले. रोज सराव झाला की दोरी उतरवायची, तेल लावायचं, कपड्यात गुंडाळून आडवा ठेवायचा. हे सगळं मी इमानेइतबारे केलं. कचेरीची कामं इतक्या इमानानं केली असती तर कुठल्या कुठं पोचलो असतो.

दसरा झाला. मुलगे खाली गेले. वरई पिवळी पडली, आणि पिवळी पडल्याच्या तिसऱ्या दिवशी शेताच्या वरच्या कडेला जमीन उकरलेली दिसली. डुकरं आली होती. दिवसा ती वरच्या घळीतल्या कारवीत पडून राहत. घळीतून बाहेर पडायला वाटा चार. तीर धरू शकतील अशी माणसं वाडीत उरली होती तीन, म्हातारा धरून, आणि चौथा मी.

म्हाताऱ्यानं जागा वाटल्या. मला दिली एका खडकाच्या आडची, अगदी अरुंद पायवाट.

"हितनं जातील ना?" मी विचारलं.

"हितनं पाच वर्सांत सशाबिगर काय गेलं न्हाई."

अपमान कळत होता, पण सुटकाही वाटली. म्हातारा आपला जुना हलका कमठा घेऊन माझ्यापासून तीस-चाळीस पावलांवर, तिरक्यात समोर, वरच्या अंगाला बसला. सकाळची उन्हं नुकतीच घळीत उतरत होती. खालून बायकांनी हाकारा सुरू केला. पत्र्याचे डबे, ताटल्या, आरोळ्या. त्यात म्हातारीचा डबा वेगळा ओळखू येत होता. ती तो डब्यावर राग असल्यासारखा बडवत होती.

कारवी हलली. दोन पिल्लं, एक डुकरीण, सगळी दुसऱ्या वाटेकडं वळली. मी हुश्श केलं. आणि नेमका त्या सगळ्यांचा धनी, मानेवर केस ताठ, सुळे बाहेर, माझ्या सशाच्या वाटेनं निघाला.

तो पंधरा पावलांवर आला आणि कान टवकारून थांबला. बरोबर शिकवल्याप्रमाणे. मी उठलो, तीर खाचेत बसवला, दोरी ओढली आणि सोडली. आता एक गोष्ट सांगायची राहिली. भाऊसाहेब म्हणून मी सदऱ्याच्या खिशाला फाऊंटन पेन लावत असे, ते शिकारीलाही लावलं होतं. दोरी पेनाच्या क्लिपमध्ये अडकली. तीर माझ्या पायापासून हातभर अंतरावर जमिनीत घुसला, पेन हवेत उडालं, टोपण एकीकडं गेलं, आणि निळी शाई माझ्या तोंडावर आली.

डुकरानं माझ्याकडं पाहिलं. तोंड निळं झालेलं माणूस त्यानं पूर्वी पाहिलं नसावं. ते तसंच उभं राहिलं. वर म्हातारा उठून उभा राहिलेला मला दिसला, पण तिथून डुक्कर वीस पावलांच्या कितीतरी पुढं होतं. तो तीर सोडू शकत नव्हता. त्यानं फक्त एक हात वर केला आणि सावकाश खाली आणला. सावकाश. वरईचं शेत त्या डुकराच्या मागं, घळीच्या तोंडाशी, पिवळं दिसत होतं.

दुसरा तीर मी कसा लावला ते मला सांगता येणार नाही. दोरी ओढली तेव्हा कमठा दोन्ही हातांना सारखा वाकला, एवढं जाणवलं. तो ताण अजून डाव्या तळहातात आहे. आवाज असा झालाच नाही. दोरी नुसती हं म्हणाली. जनावर सात-आठ पावलं धावलं, गुडघ्यावर आलं आणि आडवं झालं. तीर मानेच्या बुडाशी पिसापर्यंत गेलेला. डुकरीण आणि बाकीची दुसऱ्या वाटेनं कड्यापलीकडं गेली ती त्या साली परत आली नाहीत.

माझा आनंद सांगायला मी तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं खाली येऊन माझ्या तोंडावर आपला हात ठेवला. शाई त्याच्या हाताला लागली.

"न्हाई. ज्याच्या तिरानं पडलं, त्यानं बोलायचं न्हाई."

त्या वाडीची रीत होती. शेतासाठी शिकार केली तर ज्याच्या तिरानं जनावर पडलं त्यानं त्या शेतातलं धान्य कणगीत जाईपर्यंत शिकारीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. सांगायचं ते इतरांनी. मारणाऱ्यानं बढाई मारली तर रानाला ऐकू जातं, म्हणत. दुसऱ्या कुणाला ही रीत जड गेली नसती. मला ती शिक्षाच होती. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं सांगण्यासारखं काही होतं आणि तोंडाला कुलूप.

इतरांनी सांगितलं. म्हातारीनं तर चावडीपुढं करून दाखवलं: डाव्या हातात काठीचा कमठा, खिशाला पेन म्हणून चुलीतलं लाकूड, मग ते लाकूड उडालं, मग तोंड पुसणं. बायका पोट धरून बसल्या. राजूरच्या बाजारात तो लोहार मला बघून स्वतःच्या खिशाला हात लावायचा. दिवसागणिक शाई वाढत गेली आणि डुक्कर लहान होत गेलं. मी काही दुरुस्त करू शकत नव्हतो. शेवटी शेवटी तर त्या डुकराला हृदयविकार होता असं कुणीतरी म्हणालं.

एकदाच एक पाव्हणा म्हाताऱ्याला विचारताना मी ऐकलं, की तीर सोडला भाऊसाहेबानं, ते ठीक, पण कमठा कुणाचा होता, तुझा?

म्हातारा म्हणाला, "त्याचाच. त्याच्या हातचा." आणि विडी पेटवायला खाली वाकला.

आठ दिवस मी त्यांच्याबरोबर वरई कापली. विळा मला येतो, तेवढं तरी कोल्हारनं दिलेलं. झोडपली, पाखडली, आणि नवव्या दिवशी दुपारी म्हातारीनं शेवटची पाटी कणगीत ओतली. कणगी गळ्यापर्यंत भरली. तिनं शेणमातीचा गोळा घेतला आणि तोंड लिंपायला लागली.

"बोला आता, भाऊसायेब," म्हातारा म्हणाला.

नऊ दिवस मी भाषण तयार केलं होतं. पण त्यानंच आधी विचारलं, "नेम कुठं धरला हुता?"

खरं म्हणजे मी खांद्यामागं धरला होता. "मानेवरच," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. "डोळं मिटलं हुतं तुमी तवा. मला वरनं दिसलं."

म्हातारीचा हात लिंपता लिंपता थांबला.

"डोळं मिटून सोडला तरी सरळ गेला," म्हातारा म्हणाला, "म्हंजी कमठा बरूबर झालाय."

मला नोकरीत पुढं प्रशस्तिपत्रकं मिळाली. एक तर चौकटीत आहे. त्यातलं वाक्य मला पाठ नाही.

दिवाळीला मी कोल्हारला गेलो. मळ्याशेजारी तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोपी पडल्या होत्या, त्यात म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे होते. आता मी मोकळा होतो. उसाच्या फडात उभा राहून मी त्यांना सगळं सांगितलं: अवसेचा बांबू, धुरातली फाळ, एका पंखाची पिसं, पंधरा पावलं, तीर. पेनाचा भाग वगळला. डोळे उघडे ठेवले. डुक्कर पूर्वीएवढं मोठं केलं. थोरला मोळी बांधता बांधता ऐकत होता.

"कणगी भरली का?" त्यानं विचारलं.

"गळ्यापर्यंत."

"लिंपली?"

"माझ्यासमोर."

"म्हंजी आई येत न्हाई हिकडं," तो धाकट्याला म्हणाला. धाकट्यानं कोपीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी आणून ठेवलेला नवा कोयता उचलला, धार बोटावर पाहिली, आणि फडात शिरला.